चारकोपचे आयटीवाले

आमच्या घरात जेवताना मी "अगं, आमच्या बॅचला ना…" अशी सुरुवात केली की माझी मुलगी हात वर करते. "आई, कुठला किस्सा? कपाटाचा की पासवर्डचा? दोन्ही ऐकून झालेत!" तिचंही बरोबर आहे. पण मी तरी काय करू? कॉम्प्युटरचा कोर्स केला सहा महिन्यांचा. शिकलेल्यातलं निम्मं आता जुनं झालं असेल, किस्से मात्र वाढतच चाललेत! आम्ही बॅचवाले अजून नाक्यावर चहाला भेटतो, आणि तिथे प्रत्येकाला दुसऱ्याची फजिती जास्त चांगली आठवते. थोडा मसाला पडतो मध्येमध्ये, नाही असं नाही. पण हे सगळं माझ्यासमोर झालेलं आहे.

आधी माझं सांगते. मी मनीषा, वय त्रेचाळीस. चारकोपलाच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काउंटरवर होते. डॉक्टर मुलाकडे राहायला गेले आणि दवाखाना बंद झाला. मग दुसरीकडे जिथे विचारायला जावं तिथे पहिला प्रश्न एकच, "कॉम्प्युटर येतो का?" येतो म्हणजे काय, पेशंटची नावं टाइप करता यायची. कॉम्प्युटर अडला की शेजारच्या मेडिकलवाल्याला हाक मारता यायची. हे काही बायोडेटात लिहिता येत नाही!

म्हणून हा कोर्स. ऑफिसात कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला की ज्याला फोन करतात ना, तो माणूस व्हायचा कोर्स. हार्डवेअर, नेटवर्क आणि हेल्पडेस्क. शेवटी परीक्षा, पास झालात तर सर्टिफिकेट. क्लास इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या गाळ्यात. खालच्या गाळ्यात अगरबत्त्या बनायच्या. त्यामुळे आमचे सगळे कॉम्प्युटर कायम मोगऱ्याच्या वासाचे!

*

पहिल्या दिवशी गावडे सरांनी प्रत्येकाला विचारलं, "कोर्सला का आलात?" सर अठ्ठावीस-एकोणतीसचे. समोर आम्ही बरेचसे त्यांच्या आई-वडिलांच्या वयाचे. बिचारे सगळ्यांना अहो-जाहो करत होते.

आमच्यात सगळ्यात मोठे साटम काका. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, काकांनी स्वतः लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी केली आणि नुकतेच रिटायर झाले होते. ते उभे राहिले, शर्ट नीट केला आणि म्हणाले, "माझो झील पुण्याक असता. माझो कॉम्प्युटर बंद पडलो की फोनवर सांगता, बाबा, बंद करून परत चालू करा. तर त्याच्या फुडचा काय असता, ता माका शिकूचा असा."

सरांनी जरा विचार केला. मग खाली मान घालून म्हणाले, "काका, खोटं कशाला बोलू? त्याच्या पुढचं पण बरंचसं तेच आहे."

*

आता कपाटाचा किस्सा.

कॉम्प्युटर उघडून आतल्या पार्टला हात लावायच्या आधी अंगातली स्टॅटिक वीज घालवायची असते. नाहीतर हाताचा स्पर्श झाला की पार्ट जायचा. सरांनी सोपा उपाय सांगितला. गाळ्यात एक जुनं लोखंडी कपाट होतं. आधी त्याला हात लावायचा, मग कॉम्प्युटरला. आम्हाला ती सवयच लागली. क्लासमध्ये शिरलं की चप्पल बाहेर, कारण सरांना धूळ चालायची नाही, आणि मग सरळ कपाटाला हात.

महिनाभराने एक नवीन ॲडमिशन झाली. ऋतुजा, बोरिवलीची, नुकतीच बारावी झालेली. ती दारात उभी. तिने काय बघितलं? साटम काका आले, चप्पल काढली, गंभीर चेहऱ्याने कपाटाला हात लावून जागेवर बसले. मी आले, चप्पल काढली, कपाटाला हात. मागून आमच्या बॅचची फिलोमिना आंटी आली. तिनेही तेच केलं. आणि खालून मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास!

ऋतुजाने चप्पल काढली. कपाटासमोर गेली. दोन्ही हात लावले, डोळे मिटले, आणि वाकून चक्क नमस्कार केला!

मी तोंडात ओढणी कोंबली. सरांनी मात्र कोणालाही तिच्यावर हसू दिलं नाही. "छान," म्हणाले. "असं केलं तर रॅमही खूश राहते."

पुढचे दोन आठवडे ती मनापासून नमस्कार करत होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी बघते तर काय, आम्हीसुद्धा सगळे करत होतो!

*

फिलोमिना आंटीचं आता सांगायलाच हवं. ती मढची. नवऱ्याची मासेमारीची होडी. समुद्राच्या बाजूला जुना बंगला, त्याची पुढची बाजू शूटिंगवाल्यांना भाड्याने आणि मागच्या बाजूला हे लोक राहणार. आंटी पन्नाशीची, ठणठणीत, आणि जे सांगितलं ते अक्षरशः पाळणारी.

एका सोमवारी सरांनी सिक्युरिटीचा धडा घेतला. म्हणाले, "पासवर्ड ही तुमची स्वतःची वस्तू आहे. कुणालाही सांगायचा नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही, साहेबांना नाही. उद्या मी जरी मागितला, तरी मला नाही!"

मंगळवारी आलो तर मेन कॉम्प्युटर उघडेना. त्यावरूनच आमचे बाकीचे सगळे चालायचे.

"कोणी पासवर्ड बदललाय का?" सरांनी विचारलं.

"मी," आंटी म्हणाली. "काल जाताना प्रॅक्टिस केली."

"बरं केलंत. काय ठेवलाय?"

"नाही सांगणार."

सर हसले. "आंटी, मी विचारतोय."

"तू पण नाही. तूच बोललास काल."

"अहो, तो मेन कॉम्प्युटर आहे!"

"म्हणूनच," आंटी म्हणाली.

सरांनी विनवणी केली, काकांनी मध्यस्थी केली, काही उपयोग नाही. शेवटी आंटी उठली आणि म्हणाली, "तू बाहेर जा. मी टाकते, मग आत ये." आणि आमचे सर, स्वतःच्या क्लासमधून बाहेर, जिन्यात उभे! खालच्या अगरबत्तीवाल्याने विचारलं, "सर, काय झालं?" सर म्हणाले, "काही नाही. शिकवलेलं समजलंय त्यांना."

त्याच आठवड्यात फिशिंगचा धडा होता. सरांनी समजावलं, "फिशिंग म्हणजे लोकांना गळाला लावायचं. हा मोठा गुन्हा आहे, पोलीस धरतात."

आंटीने पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे चार पिढ्या तेच चाललंय. अजून कोण आलं नाही धरायला!"

*

हेल्पडेस्कची प्रॅक्टिस म्हणजे नाटकच असायचं. सर चिडलेला कस्टमर व्हायचे, आम्ही फोन उचलायचा. नियम ठरलेला. शांत राहायचं, पूर्ण ऐकून घ्यायचं, दिलगिरी व्यक्त करायची, मग प्रॉब्लेम विचारायचा.

सर या कामात फार चांगले होते. आवाज असा चढवायचे की ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या दिवशी आंटीची पाळी होती. सरांनी सुरुवात केली, "सकाळपासून कॉम्प्युटर बंद आहे! तीन वेळा फोन केला! कोणी लक्ष देत नाही! काय चाललंय काय तुमचं?"

आंटीने पूर्ण ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "बाबा, तू जेवलास का?"

कस्टमरने याला काय उत्तर द्यायचं, ते पुस्तकात नव्हतं.

"आवाजावरून वाटतंय जेवला नाहीस," आंटी म्हणाली.

"नाही," सर एकदम स्वतःच्या आवाजात बोलले. "सकाळी घाईत निघालो. डबा राहिला घरी."

झालं, प्रॅक्टिस बंद! आंटीच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी होती, माझ्याकडे पोळी-भाजी, काकांकडे घावणे. सरांनी तिघांच्या डब्यातलं खाल्लं. हात धुऊन परत खुर्चीत बसले आणि आंटीच्या कागदावर मार्क लिहिताना म्हणाले, "बाकी सगळं चुकलं. पण कस्टमर शांत झाला, हे मान्य करावं लागेल."

*

सगळे किस्से हसायचेच आहेत असं नाही. परीक्षेच्या आधी सरांनी एक सराव परीक्षा घेतली, कॉम्प्युटरवर, इंग्लिशमधून. मी नापास! एकटी मीच. काकासुद्धा पास झाले होते.

मी जिन्यात जाऊन बसले. वाटलं, झालं, वाट लागली. आता परत दवाखान्या-दवाखान्यांत विचारत फिरायचं. घरी तर मी सांगून बसले होते की दिवाळीपर्यंत नोकरी लागेल. सर माझा पेपर घेऊन बाहेर आले आणि शेजारी पायरीवर बसले.

"ताई, तुम्हाला उत्तरं सगळी येतात," म्हणाले. "तुम्हाला प्रश्न येत नाहीत."

"म्हणजे?"

त्यांनी दाखवलं. "यातलं कोणतं बरोबर नाही" असं विचारलं होतं, मी बरोबर असलेलं निवडलं होतं. घाईघाईत मधला तो 'नॉट' मला दिसतच नव्हता. एकदा नाही, दहा ठिकाणी! मग सरांनी मला वेगळाच अभ्यास दिला. आठवडाभर उत्तर द्यायचंच नाही. फक्त प्रश्न वाचायचा आणि तो काय विचारतोय ते मराठीत सांगायचं.

घरी मुलगी प्रश्न वाचायची. माझा नवरा समोर जेवत असायचा. त्याला इंग्लिश फारसं येत नाही, पण 'नॉट' तेवढा कळायचा. 'नॉट' आला की हा ताटावर चमचा वाजवायचा. ठण्ण! मी दचकून परत प्रश्न वाचायचे.

खऱ्या परीक्षेत एसी हॉल, सगळीकडे शांतता. माझ्यासमोर प्रश्न आला, त्यात 'नॉट'. आणि आई शप्पथ सांगते, मला स्पष्ट ऐकू आलं, ठण्ण!

पास झाले. चांगल्या मार्कांनी.

*

मढची गोष्ट परीक्षेच्या थोडी आधीची. आंटीच्या घरी वायफाय पुढच्या बाजूला यायचा, मागे यायचा नाही. सर म्हणाले, "चला, रविवारी सगळे जाऊ. केबल टाकू. प्रॅक्टिकलच समजा."

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ बारीक तारा असतात. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, असे त्यांचे रंग ठरलेले आणि क्रमही ठरलेला. एक तार इकडची तिकडे झाली की नेट बंद. आम्ही आंटीच्या बंगल्यावर पोचलो तर पुढच्या हॉलमध्ये सिरीयलचं शूटिंग चाललेलं. आम्ही आपले गुपचूप बाजूच्या पॅसेजमध्ये. काका शिडीवर, मी खाली केबलचं दुसरं टोक धरून, ऋतुजा वहीत मापं लिहितेय, सर शर्ट इन करून, हात मागे बांधून देखरेख करतायत.

तेवढ्यात शूटिंगचा मॅनेजर आला. "आप लोग कौन?"

काका शिडीवरून रुबाबात म्हणाले, "आयटी से आया है."

त्याचा चेहरा पांढरा पडला. तसाच मागे फिरला. पाच मिनिटांत चार खुर्च्या आल्या, टेबल फॅन आला, प्रत्येकाला एक एक शहाळं आलं! सर मला हळूच म्हणाले, "बघा ताई, या फील्डमध्ये रिस्पेक्ट आहे."

मॅनेजर तिथेच घुटमळत होता. वरून काका मला ओरडून विचारत होते, "बाय, व्हाइट किती असत ते नीट बघ गो! व्हाइट आधी होया!"

मॅनेजरने हात जोडले. "सर, अपना सब व्हाइट में ही है! कसम से, ब्लॅक एक पैसा नहीं!"

"ब्लॅक इसमें होताच नहीं," काका म्हणाले. "दिखा, तो समझो किसीने गडबड किया है!"

तो माणूस मटकन खुर्चीत बसला.

दुपारी आम्हाला युनिटचं जेवण. वेगळं टेबल, त्यावर चादर, चिकन, पुलाव, सगळं. पहिलं ताट सरांना. मधेच ऋतुजाने घास हातात धरला आणि म्हणाली, "सर… हे लोक आपल्याला इन्कम टॅक्सवाले समजतायत."

सरांना ठसका लागला. ते उठून सांगायलाच निघाले होते. आंटीने त्यांना शर्टाला धरून खाली बसवलं.

"सांगू रे," ती म्हणाली. "आधी गुलाबजाम तर येऊ दे!"

*

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. कडक माणूस. कोणी मान वळवली तरी टेबलावर पेन आपटायचे. पहिलंच काम केबलचं, आठ तारा क्रमाने लावायच्या.

साटम काका त्यांच्या गाववाल्यांच्या भजनी मंडळात बुवा आहेत. रंग पाठ होईनात म्हणून त्यांनी त्या आठ रंगांना भजनाची चाल लावली होती, आणि ती आम्हा सगळ्यांना शिकवली होती. फार गोड चाल! परीक्षेत प्रत्येकजण मनातल्या मनात म्हणत होता. निदान आमचा तसा समज होता.

"कोण गातंय?" परीक्षक ओरडले.

गाणं थांबलं. परत दोन मिनिटांत तेच. ते थेट काकांसमोर जाऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"भजन, सायबानू."

"परीक्षेत?"

"मी मनात म्हणतंय."

"मग मला ऐकू कसं येतंय?"

काकांनी आमच्याकडे मान करून दाखवलं. "ता माझा नाय. तो कोरस असा."

परीक्षक जागेवर जाऊन बसले. आम्ही मान खाली घालून कामाला लागलो. थोड्या वेळाने मला टेबलावर पेनाचा आवाज आला. मी घाबरून वर बघितलं. ते कोणाकडे बघत नव्हते. खिडकीबाहेर बघत पेनाने ताल धरत होते!

काका तार घालता घालता म्हणाले, "सायबानू, लय जरा वाढवा. वेळ कमी उरलो."

*

आणि हा माझा स्वतःचा.

सर्टिफिकेट हातात आल्यावर मी तीन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले. पहिल्या ठिकाणी म्हणाले, कळवतो. दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "एवढ्या लहान मुलांबरोबर काम जमेल का तुम्हाला?" मी हो म्हटलं, त्यांनी मान हलवली. ती नाहीची होती. तिसरा अंधेरीला, एका मोठ्या ऑफिसच्या हेल्पडेस्कसाठी. बाहेर सगळी विशीतली मुलं बसलेली. एकाने मला "आंटी, इधर बैठिये" म्हणून जागा दिली. चांगल्या मनाने दिली, पण माझा होता नव्हता तो धीर गेला.

आत एकच बाई. माझ्याच वयाच्या, चष्मा, चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. प्रश्न इंग्लिशमध्ये. मी अडखळत, पण देत होते उत्तरं. मग त्यांनी विचारलं, "व्हाय शुड वी टेक यू?" याचं उत्तर मी आरशासमोर पाठ केलं होतं. तोंड उघडलं आणि माझा मोबाइल वाजला. सायलेंट करायचा राहिला होता!

साटम काका. व्हिडिओ कॉल. मी कट केला, सॉरी म्हटलं. परत वाजला. परत कट. परत वाजला.

"घ्या," त्या मराठीत म्हणाल्या. "काहीतरी अर्जंट असेल."

मी घेतला. स्क्रीनभर काकांचा कान. "बाय, प्रिंटरात कागद अडाकलो! भजनाची पत्रिका छापतंय, मंडळी येवन बसली हत, आणि ह्यो मेलो हलना नाय!"

"काका, मी नंतर करते, मी आत्ता…" असं म्हणत मी समोर बघितलं. त्या बाईंनी हातानेच खूण केली, बोला, बोला. आणि फोन टेबलावर ठेवायला लावला.

मी दोन शब्दांत आटपणार होते. पण काकांचा आवाज रडवेला झाला होता, आणि एकदा सुरू केल्यावर मी कुठे बसलेय तेच विसरले. "काका, आधी शांत व्हा. बटण बंद केलंत? वायर काढा. आता मागचं झाकण उघडा. घाई नको. कागद दोन्ही हातांनी धरा. तिरका नाही, सरळ. हळू ओढा."

"फाटलो गो!"

"फाटू दे. काही बिघडलं नाही. तुकडा आत राहिला असेल, मोबाइल आत धरा, मला दाखवा. कान नको काका, मोबाइल! अजून खाली. अजून…"

मला तुकडा दिसत नव्हता. मी वाकून बघत होते. माझ्या खांद्यावरून आवाज आला, "डावीकडे, काका. काळ्या रोलरच्या खाली बघा. पांढरं टोक दिसतंय." त्या बाई टेबलाला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभ्या होत्या.

काकांनी दोन बोटं घातली आणि तुकडा बाहेर! मागे मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मग काकांनी मोबाइल तोंडासमोर धरला आणि डोळे बारीक केले. "ही कोण गो?"

"मॅडम आहेत, काका."

"तुझ्या ऑफिसातली?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी टेबलावरचा माझा बायोडेटा उचलला, एकदा बघितला, परत ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून."

"बरा झाला!" काका म्हणाले. "मगे आता दोघी मिळान बघा, ह्यो दुसरो कागद पण अडाकलो!"